पालकांच्या वाट्याचा तास आणि न खेळलेले खेळ

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्रात व्हिडिओ गेमविषयी जे छापून येते, ते मी गेली अनेक वर्षे लक्षपूर्वक वाचत आले आहे. त्यातील बहुतेक मजकूर मुलांविषयी असतो: मुले किती वेळ खेळतात, कोणता खेळ कोणत्या वयाला योग्य आहे, पालकांनी आवर कसा घालावा. हे प्रश्न खरे आहेत आणि दोन मुलांची आई या नात्याने ते मलाही पडतात. मात्र या चर्चेत पालक येतो तो केवळ राखणदार म्हणून. तो स्वतः खेळत असेल, ही शक्यता कोणी विचारात घेतल्याचे दिसत नाही. ज्यांच्या लहानपणी घरात पहिला कॉम्प्युटर किंवा पहिला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे खेळांचे यंत्र, आला, ती माणसे आज चाळिशीच्या आसपास आहेत, नोकरी करतात, मुले वाढवतात, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांची खेळण्याची आवड अजून टिकून आहे. घेऊन ठेवलेले खेळ खेळायचे कधी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे आणि त्याविषयी लिहावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

खेळणाऱ्यांच्या बोलण्यात अशा साचलेल्या खेळांना ‘बॅकलॉग’ म्हणतात. मराठीत त्याला ‘अनुशेष’ हा नेमका शब्द आहे, पण तो वापरताना मला संकोच होतो, कारण अनुशेष म्हटला की तो भरून काढण्याची जबाबदारी कोणावर तरी येते. वाचायची राहिलेली पुस्तके कपाटात असतात तेव्हा आपण त्यांना अनुशेष म्हणत नाही. ती घराची श्रीमंती मानली जाते. खेळांच्या बाबतीत मात्र मी स्वतःच कित्येक वर्षे ती थकबाकी मानत होते, आणि दिवसभराच्या कामांनंतर रात्री कंट्रोलर हातात घ्यायचा तोही आणखी एक काम उरकण्याच्या भावनेने.

मागील वर्षी एका सुटीच्या दिवशी मी या खेळांची मोजदाद केली. विकत घेतलेले किंवा मोफत मिळाले म्हणून खात्यात जमा केलेले, पण शेवटपर्यंत न नेलेले असे ८६ खेळ निघाले. त्यांतील ४० तर एकदाही उघडलेले नव्हते. एका खेळाला सरासरी २० तास धरले, तर १,७२० तास होतात. मला आठवड्याला खऱ्या अर्थाने मोकळे असे चार तास मिळतात. म्हणजे ४३० आठवडे, अर्थात सव्वाआठ वर्षे, आणि तीही मधल्या काळात एकही नवा खेळ न घेता. माझी धाकटी मुलगी आता पाच वर्षांची आहे; यादी संपेल तेव्हा ती तेरा वर्षांची झालेली असेल. हा हिशेब कागदावर उतरल्यावर यादी संपवण्याची कल्पनाच मी सोडून दिली. जे मी करू शकतच नव्हते, ते न केल्याचा सल इतकी वर्षे मी कशाला बाळगला, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

ही रास साचते कशी, हे समजणे अवघड नाही. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टीम’सारख्या ऑनलाइन दुकानांत वर्षातून अनेकदा मोठ्या सवलती लागतात, ‘एपिक गेम्स स्टोअर’ २०१८ च्या डिसेंबरपासून मोफत खेळ देत आले आहे, शिवाय ‘गेम पास’सारख्या सदस्यत्वांतून शेकडो खेळ एकदम समोर येतात. थकलेल्या रात्री सवलतीत एखादा खेळ घेताना माझ्या मनात खेळापेक्षा पुढच्या महिन्यातील एखादी मोकळी संध्याकाळ असे, आणि ती संध्याकाळ येत नसे. यात व्यस्त माणसाचे एक व्यवहारी नुकसानही आहे. स्टीमवर पैसे परत मागायचे, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असताना मागावे लागतात. सवलतीत घेतलेला खेळ सहा महिन्यांनी प्रथमच उघडणाऱ्या पालकाला तो आवडला नाही, तर त्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते. म्हणून आता मी एकच पथ्य पाळते: ज्या आठवड्यात खेळायला सुरुवात करणार, त्याच आठवड्यात खेळ घ्यायचा. सवलती पुन्हा येतात, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

परंतु खरेदीला आवर घालणे हा या विषयाचा लहान भाग झाला. मोठा भाग वेळेचा आहे, आणि त्यातही वेळ किती यापेक्षा तो कसा मिळतो याचा. ज्याला मूल नाही, त्याचा मोकळा तास सलग असतो. पालकाचा तास मधेच तुटतो, आणि कधी तुटेल हे सांगता येत नाही. धाकटी झोपेतून उठून पाणी मागते, मोठ्याला रात्री साडेनऊला आठवते की उद्या शाळेत काहीतरी द्यायचे आहे, कोणाला खोकला येतो, कार्यालयातून फोन येतो. हे अडथळे आहेत असेही मी म्हणणार नाही; ते माझे आयुष्य आहे आणि खेळाने त्याच्या फटींत बसायचे आहे. त्यामुळे कोणताही खेळ निवडताना माझा पहिला प्रश्न असा असतो की, तो या क्षणी थांबवता येईल का, आणि थांबवून बंद केला तर आतापर्यंत केलेले सर्व जसेच्या तसे राहील का.

या प्रश्नाचे उत्तर खेळागणिक किती वेगळे असते, हे न खेळणाऱ्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. १९८७ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’च्या कॅसेटमध्ये एक लहानशी बॅटरी होती आणि तिच्यामुळे खेळ जिथे सोडला तिथली नोंद राहत असे, त्या काळच्या अनेक खेळांत ही सोय नव्हती, लांबलचक सांकेतिक शब्द कागदावर उतरवून ठेवावा लागे किंवा सारे पहिल्यापासून करावे लागे. १९९६ च्या ‘रेसिडेंट इव्हिल’मध्ये खेळाची नोंद करायची तर टाइपरायटर शोधावा लागे आणि त्याची शाईची फीतही मोजकीच मिळे, भीती वाढवण्यासाठी ती योजना उत्तम होती, पण शेजारच्या खोलीत बाळ झोपलेले असताना तिचा अर्थ वेगळाच होतो. २०११ चा ‘डार्क सोल्स’ आणि २०२२ चा ‘एल्डन रिंग’ या गाजलेल्या खेळांत पॉजचे बटणच दिलेले नाही. मेनू उघडला तरी शत्रू चालून येतच राहतो. त्याच ‘फ्रॉमसॉफ्टवेअर’ कंपनीचा २०१९ चा ‘सेकिरो’ मात्र कठीण असूनही हवा तेव्हा थांबवता येतो. तेव्हा कठीणपणा आणि न थांबणे यांचा परस्परांशी अटळ संबंध नाही, हे त्यांनीच दाखवून दिले आहे.

ऑनलाइन सामने तर मी पूर्णपणे सोडले. एखाद्या सामन्यात चार अनोळखी माणसे आपल्या भरवशावर उतरलेली असतात. मूल रडले म्हणून मधेच उठले, तर त्यांचा सामना बिघडतो, आणि वारंवार उठणाऱ्याला बरेच खेळ शिक्षाही करतात. ती शिक्षा योग्यच आहे. माझ्या आयुष्याच्या या टप्प्यात मी कोणाला पुढच्या तीस मिनिटांचा शब्द देऊ शकत नाही, इतकेच.

याउलट काही खेळ जणू आमच्यासाठीच रचलेले वाटतात. २०१६ च्या ‘स्टारड्यू व्हॅली’मध्ये पात्र झोपी गेल्यावरच नोंद होते, हे एरवी गैरसोयीचे वाटले असते, पण खेळातील एक दिवस सुमारे १४ मिनिटांचा असल्यामुळे, मधेच उठावे लागले तरी वाया जाते ते जास्तीत जास्त तेवढेच. ‘आउटर वाइल्ड्स’ या २०१९ च्या खेळात तर काळाचे एक आवर्तन २२ मिनिटांचे असते आणि नंतर सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. खेळणाऱ्याकडे उरते ते फक्त त्या २२ मिनिटांत कळलेले ज्ञान, आणि अंतराळयानातील संगणकात त्याची नोंद आपोआप होत राहते. मी हा खेळ मुले झोपल्यावर एका वेळी एक आवर्तन अशा रीतीने अडीच महिने खेळले. दिवसभर कामे करताना मनात कालच्या शोधाचा धागा चालू असे, आणि रात्री जाऊन तो पडताळून पाहायचा. पूर्वी सलग सहा तास बसून खेळत असे तेव्हाही कोणत्या खेळाने माझ्या मनात इतके घर केले नव्हते. वेळ थोडा असल्याने खेळाचा आनंद उणावतोच असे नाही, हे मला तिथे उमगले.

यंत्रांनीही मदत केली आहे. २०१७ मध्ये आलेला ‘निंटेंडो स्विच’ एक बटण दाबताच झोपी जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याच क्षणापासून जागा होतो. २०२२ मधील ‘स्टीम डेक’ कॉम्प्युटरवरील खेळांसाठी हेच करतो. २०२० च्या ‘एक्सबॉक्स’ कन्सोलवर तर अनेक खेळ एकाच वेळी अर्धवट स्थितीत ठेवता येतात, फक्त सतत इंटरनेट लागणाऱ्या खेळांना त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण जोडणी तुटलेली असते. जाहिराती चित्रांच्या झगमगाटाविषयी असतात. माझ्या अनुभवात मात्र गेल्या दहा वर्षांतील सर्वांत मोलाची सुधारणा हे झोपेचे बटण आहे.

मोठा खंड पडल्यानंतर परत येणे, ही वेगळी अडचण. मुलांची परीक्षा, आजारपण, कार्यालयातील वर्षअखेरीची धावपळ यांत तीन आठवडे सहज जातात, आणि नंतर खेळ उघडला की कोणते बटण कशासाठी, हा माणूस मित्र की शत्रू, आपण या गुहेत कशासाठी आलो, यांतले काही आठवत नाही. माझे बहुतेक खेळ कंटाळ्यामुळे सुटले नाहीत. ते या विस्मरणामुळे सुटले. काही निर्मात्यांनी याचा विचार केलेला आहे. ‘द विचर ३’ आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट ११’ हे मोठे खेळ, जुनी नोंद उघडताना, आतापर्यंतची कथा थोडक्यात सांगतात. २००४ मधील ‘पोकेमॉन फायररेड’सुद्धा आधीच्या वेळी काय केले याची झलक दाखवत असे. जिथे ही सोय नाही तिथे मी वहीचा आधार घेते. कंट्रोलर खाली ठेवण्यापूर्वी तीन ओळी लिहायच्या: मी कुठे आहे, पुढे काय करायचे ठरवले होते, आणि कोणते बटण विसरण्याची शक्यता आहे. या तीन ओळींनी माझे जितके खेळ पुरे केले, तितके कोणत्याही निश्चयाने केले नाहीत.

सोप्या पातळीवर खेळण्याबद्दलही थोडे लिहिले पाहिजे, कारण त्याविषयी अकारण संकोच बाळगणारे पालक मला भेटले आहेत. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ या अत्यंत अवघड खेळात साहाय्याचा पर्याय आहे. त्यात खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो किंवा पात्राला इजाच होणार नाही असे करता येते. २०२० च्या ‘हेडीस’मध्ये असाच पर्याय निवडला, तर सुरुवातीला होणारी इजा २० टक्क्यांनी कमी होते आणि प्रत्येक पराभवानंतर हे संरक्षण आणखी दोन टक्क्यांनी वाढत जाते. निर्मात्यांनीच आपण होऊन दिलेली ही सोय आहे. ज्याच्याजवळ पंचेचाळीस मिनिटे आहेत, त्याने ती एकाच शत्रूपुढे चाळीस वेळा हरण्यात घालवावीत की कथा पुढे न्यावी, हे त्याचे त्याने ठरवावे. मी बहुतेक वेळा कथा पुढे नेते.

खेळाच्या लांबीविषयी माझे मत परीक्षणे वाचून बनलेल्या सर्वसाधारण मतापेक्षा वेगळे आहे. लहान खेळाला ‘पैशांच्या मानाने कमी’ म्हणण्याची रीत आहे. २०१२ चा ‘जर्नी’ साधारण दोन तासांत पुरा होतो, २००७ चा ‘पोर्टल’ तीन-चार तासांत; दोन्ही मी एकेका आठवड्यात संपवले आणि दोन्हींचा शेवट सुरुवात विसरण्यापूर्वी पाहायला मिळाला, हे समाधान फार मोठे आहे. तरीही मोठ्या खेळांवर पालकांनी पाणी सोडावे, असे मी सुचवणार नाही. ‘द विचर ३’ची मुख्य कथाच सुमारे ५० तासांची आहे. मला ती पुरी करायला अकरा महिने लागले, कारण वाटेतील आडकथा मला सोडवत नव्हत्या, आणि त्या अकरा महिन्यांत मी दुसरा एकही खेळ उघडला नाही. एक मोठा खेळ हाती असताना दुसरा मोठा घ्यायचा नाही, एवढी शिस्त पुरते. ‘पर्सोना ५’ शंभर तासांच्या घरात जातो. तो माझ्या यादीत आहे आणि मुले मोठी होईपर्यंत तिथेच राहणार आहे.

काही खेळ मी ठरवून काढून टाकले. रोज हजेरी लावली तर बक्षीस, अमुक तारखेपर्यंत अमुक टप्पा गाठला नाही तर ते कायमचे हुकणार, अशा रचनेचे तीन खेळ माझ्या फोनवर होते. मुलीला गोष्ट वाचून दाखवताना माझे लक्ष घड्याळाकडे जाऊ लागले, कारण मध्यरात्रीपूर्वी हजेरी लावायची होती. त्याच रात्री मी तिन्ही पुसून टाकले. ज्या खेळाला माझी वाट पाहता येत नाही, तो माझ्या घरात चालणार नाही. बाकी खेळांना मी दोन बैठकांची संधी देते; तिसऱ्या बैठकीची ओढ लागली नाही, तर कितीही नावाजलेला असो, तो यादीतून जातो आणि त्याचे मला दुःख होत नाही.

घरातील व्यवस्थेशिवाय यांतले काहीच जमले नसते. गुरुवारची संध्याकाळ माझी असते आणि त्या वेळी मुलांचे सर्व काही माझे पती पाहतात. शनिवारची सकाळ त्यांची असते. उरलेला वेळ मुले झोपल्यावर, रात्री अकरापर्यंत. ही अकराची मर्यादा मी अनुभवाने घातली आहे. पूर्वी दिवसभरात स्वतःसाठी काही मिळाले नाही म्हणून मी रात्री दीडपर्यंत जागत असे, आणि सकाळी त्याची किंमत मुलांना माझ्या चिडचिडेपणाच्या रूपाने मोजावी लागे.

मुलांसमोर काय खेळायचे, हेही आम्ही ठरवून घेतले आहे. खोक्यावरील वयाचा आकडा आम्ही गांभीर्याने पाळतो आणि मोठ्यांचे खेळ मुले झोपल्यावरच लावतो. पण काही खेळ सर्वांचे असतात. ‘अ शॉर्ट हाइक’ या २०१९ च्या छोट्या खेळात एक पक्षी डोंगराच्या शिखरापर्यंत जातो; एकटीने खेळले असते तर दीड-दोन तासांत झाले असते. आम्हाला चार रविवार लागले. मुलीला शिखरात रस नव्हता, तिला किनाऱ्यावर शिंपले वेचायचे होते. नऊ वर्षांच्या मुलाने मासेमारीचा ताबा घेतला आणि वाटेतल्या पाट्या बहिणीला वाचून दाखवल्या. शेवटी शिखरावर पोहोचलो तेव्हा दोघेही काही क्षण गप्प झाले. त्या ८६ खेळांच्या यादीतील हा एकच खेळ असा, ज्याच्यापुढे मी पूर्ण झाल्याची खूण चारही जणांच्या हाताने केली.

आता आपल्याकडे विनंती. चित्रपट, नाटक आणि पुस्तके यांची परीक्षणे आपण नियमित छापता. महिन्यातून एकदा तरी व्हिडिओ गेमचे परीक्षण प्रौढ वाचकांसाठी छापावे आणि त्यात, आशय व कला यांच्या चर्चेबरोबरच, काही साध्या गोष्टी आवर्जून सांगाव्यात. मुख्य कथेला साधारण किती तास लागतात? हवे तिथे थांबवता व जतन करता येते का? खंड पडल्यावर कथेची उजळणी होते का? आवाज अगदी हळू ठेवून, फक्त उपशीर्षके वाचून खेळता येतो का, आणि ती अक्षरे दुरून वाचता येण्याइतकी मोठी करता येतात का? शेवटचा प्रश्न कोणाला किरकोळ वाटेल, पण पातळ भिंतीपलीकडे मूल झोपलेले असते त्या घरात तोच निर्णायक ठरतो. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ने २०२० मध्ये सुलभतेचे साठहून अधिक पर्याय दिले, तेव्हा ते प्रामुख्याने अपंग खेळाडूंसाठी होते, आणि त्यांतील कित्येक पर्याय आमच्यासारख्यांच्याही उपयोगी पडले.

आणखी एक गोष्ट परीक्षणात यावी: खेळ कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटवरून जोडल्या जाणाऱ्या तिच्या संगणकांवर, अवलंबून आहे का? ‘युबिसॉफ्ट’चा २०१४ मधील ‘द क्रू’ हा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाल्यावर, पैसे देऊन घेतलेल्यांनाही खेळता येईनासा झाला. कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, डिजिटल दुकानांना ग्राहक मालकी घेत नसून परवाना घेत आहे हे स्पष्ट सांगावे लागते. जो माणूस आज घेतलेला खेळ पाच वर्षांनी उघडणार आहे, त्याला ही माहिती सर्वांत आधी हवी.

माझ्या वहीत आतापर्यंत पुऱ्या केलेल्या एकोणीस खेळांच्या अशा नोंदी आहेत: लागलेले आठवडे, कुठे थांबता आले, कुठे आले नाही, आणि मुलांसमोर खेळता आला की नाही. त्या आपल्या परीक्षकांच्या उपयोगाच्या वाटल्या, तर स्वच्छ अक्षरात उतरवून पाठवण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक नियमित वाचक